संताप शमवायचा की सांभाळायचा?

राष्ट्रावर एखादी आपत्ती कोसळली की आपल्याकडे एक ठराविक क्रम सुरू होतो. पहिल्या दिवशी शोकसंदेश, दुसऱ्या दिवशी मृतांच्या नातेवाइकांना मदतीची घोषणा, तिसऱ्या दिवशी चौकशी समिती, आठवड्याच्या अखेरीस मेणबत्त्या. त्यानंतर पाळी येते ती सल्लागारांची. मन सुन्न झाले आहे? बातम्या पाहणे थांबवा. राग येतो आहे? दीर्घ श्वास घ्या, आवडत्या कामात मन गुंतवा. आपल्या हातून काहीच होत नाही ही जाणीव छळते आहे? मग जे हाती नाही त्याचा विचार सोडून द्या. हा उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्याची झोप उडाली आहे त्याला झोप मिळावी, ज्याला उपचारांची गरज आहे त्याला ते विनासंकोच मिळावेत, हे योग्यच आहे. पण या साऱ्या उपदेशामागे एक गृहीतक दडलेले असते आणि माझा वाद त्या गृहीतकाशी आहे. ते असे, की संताप आणि हतबलता हे शोकग्रस्ताच्या मनाचे विकार आहेत. ते त्याच्या आत उत्पन्न होतात आणि त्यांचा इलाजही त्याच्या आतच करावयाचा असतो.

माझे म्हणणे नेमके उलट आहे. अन्यायाने माणसे मेल्यावर येणारा संताप हा न्यायबुद्धी शाबूत असल्याचा पुरावा आहे. आणि हतबलता तर मनात उगवतच नाही. ती बाहेर तयार केली जाते. कायदे करून, तडजोडी करून, आकडे घटवून, तारखा लांबवून ती तयार होते. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदावर तयार केली, हे बहुतेक वेळा सांगता येते. या गोष्टीचा साधार पुरावा हवा असेल तर भोपाळकडे पाहावे.

भोपाळकडे पुन्हा वळण्यास कारण आहे. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केंद्र सरकारची क्युरेटिव्ह याचिका फेटाळली आणि जादा भरपाईचा मार्ग बंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा ट्रकांत भरून पिथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी तो तेथे जाळण्यात आला. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी येते : भोपाळचा अध्याय आता संपला. जे गेले ते गेले, जखमा किती काळ उकरत बसणार? सुशिक्षितांच्या तोंडी हे वाक्य विशेष शोभून दिसते, कारण त्यात समंजसपणाचा आव असतो. तो समंजसपणा नाही. वसूल न झालेले कर्ज खात्यातून खोडून टाकण्याचा तो प्रकार आहे.

अपघात की काटकसर?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या एका टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन द्रव होता. रासायनिक क्रिया भडकली आणि विषारी वायू जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चोला अशा वस्त्यांवर पसरला. येथवर हा अपघात म्हणता येईल. पण हा द्रव थंड ठेवण्यासाठी बसवलेली शीतकरण यंत्रणा त्या वर्षाच्या मध्यापासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळीपासून तोडलेला होता. वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा कामाला जुंपलेली नव्हती. त्या विभागातील पाळीवरच्या कामगारांची संख्या १२ वरून ६ वर आणली होती. कीटकनाशकाला अपेक्षेइतका उठाव नव्हता, कारखाना तोट्यात होता, आणि तोट्यातील कारखान्यात प्रथम कात्री लागते ती सुरक्षिततेवर. कारण सुरक्षिततेवरचा खर्च वाचवल्याचा फायदा लगेच ताळेबंदात दिसतो आणि धोका मात्र कुंपणापलीकडच्या लोकांच्या खाती जमा होतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही याला ‘बाह्य परिणाम’ असे सोज्वळ नाव देतो. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाला सोसावा लागत नाही आणि तिसऱ्याच कोणाला सोसावा लागतो, तो बाह्य खर्च. पाठ्यपुस्तकात त्याचे उदाहरण म्हणून धोब्याचे कपडे काळे करणारी धुरांडी असतात. भोपाळमध्ये हा बाह्य खर्च माणसांच्या फुफ्फुसांतून वसूल झाला.

आणि त्या रात्रीची हतबलता तरी नैसर्गिक होती काय? ओले फडके तोंडावर धरले असते आणि वाऱ्याच्या दिशेने धावणे टाळले असते, तर कित्येक जीव वाचले असते. एवढी साधी गोष्ट कुंपणाबाहेरच्या एकाही कुटुंबाला कधी सांगितलेली नव्हती. रुग्णालयात डॉक्टर डोळे धूत होते, श्वास पुरवत होते; पण कोणते विष शरीरात गेले आहे आणि त्यावर उतारा कोणता, हे कंपनीने त्यांना सांगितले नाही. स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून या धोक्याविषयी लिहिले होते. म्हणजे माहिती होती, पण ज्यांच्या जिवावर बेतणार होते त्यांच्यापर्यंत ती पोचू दिली नव्हती. लोक हतबल होते ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांना अज्ञानात ठेवले होते म्हणून.

हतबलतेची पाच पावले

पुढची चाळीस वर्षे हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत घडत गेली. तिची पावले क्रमाने पाहू.

पहिले पाऊल : मार्च १९८५ मध्ये संसदेने भोपाळ वायुगळती दाव्यांविषयीचा कायदा केला. त्यान्वये पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे आला. युक्तिवाद असा, की गरीब, आजारी, निरक्षर माणसे बलाढ्य कंपनीशी काय लढणार? सरकार त्यांचे पालक होईल. पण या पालकाचे स्वतःचे हात मोकळे होते काय? कारखान्याला परवाना सरकारने दिला होता. परकीय चलन नियमन कायद्याने १९७३ साली परदेशी भांडवलावर सामान्यतः ४० टक्क्यांची मर्यादा घातलेली असताना, उच्च तंत्रज्ञानाच्या नावाखाली अमेरिकी कंपनीला ५०.९ टक्के मालकी ठेवू दिली होती ती सरकारनेच. उरलेल्या भागभांडवलात सार्वजनिक वित्तसंस्थांचा पैसा होता. कारखाना निरीक्षक राज्य सरकारचे होते. ज्याने स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायला हवे, तोच फिर्यादीचा पालक झाला. अज्ञान बालकाच्या मालमत्तेच्या बाबतीत कोणतेही दिवाणी न्यायालय असा पालक नेमणार नाही.

दुसरे पाऊल : सरकारने अमेरिकेत दावा लावला. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तो भारतात पाठवला. हा खटला आपल्याकडे ठेवणे म्हणजे साम्राज्यवादाचा आणखी एक नमुना ठरेल, भारतीय न्यायसंस्था तो चालवण्यास समर्थ आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कारखान्याचा आराखडा आणि मालकी अमेरिकेतून आली तेव्हा साम्राज्यवादाची आठवण कोणाला झाली नव्हती. भरपाईचा प्रश्न निघताच झाली.

तिसरे पाऊल : फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तडजोड झाली. मागणी ३३० कोटी डॉलरची होती, तडजोड ४७ कोटी डॉलरवर झाली. म्हणजे मागितलेल्याच्या सातव्या हिश्श्याइतकी. त्याबरोबर फौजदारी खटलेही गुंडाळले गेले. ज्यांच्या नावाने ही तडजोड झाली त्यांना कोणी विचारले नाही. सही सरकारची, मृत्यू मात्र त्यांचे. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीच्या समभागाचा भाव त्या दिवशी वर गेला, यातच या तडजोडीचे सारे परीक्षण आले.

चौथे पाऊल : आकड्यांचे. तडजोडीच्या वेळी मृतांची संख्या सुमारे ३,००० धरण्यात आली. पुढे केंद्र सरकारनेच आपल्या याचिकेत ती ५,२९५ सांगितली. पीडितांच्या संघटना वीस हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे सांगतात. जखमी म्हणून मान्य झालेल्यांची संख्या अखेरीस पाच लाखांच्या पुष्कळ वर गेली. खाणाऱ्यांची तोंडे वाढली, भाकरी तेवढीच राहिली. बहुसंख्यांच्या हाती पहिल्याने २५,००० रुपये पडले आणि २००४ च्या आदेशानंतर, रुपयाच्या घसरणीने व व्याजाने वाढलेल्या निधीतून, आणखी तेवढेच. वीस वर्षांच्या आजारपणाला ५०,००० रुपये. भागाकार सोपा आहे : दिवसाला सात रुपयांहूनही कमी. त्यातूनही दरमहा २०० रुपयांची जी अंतरिम मदत मिळाली होती ती वजा झाली.

पाचवे पाऊल : गुन्हा लहान करण्याचे. संघटनांच्या प्रयत्नांनी १९९१ साली फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले, पण १९९६ मध्ये आरोपांचे कलमच बदलले. सदोष मनुष्यवधाऐवजी निष्काळजीपणाने मृत्यू. कमाल शिक्षा दोन वर्षे. ७ जून २०१० रोजी, घटनेनंतर साडेपंचवीस वर्षांनी, भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. कंपनीचे अमेरिकी अध्यक्ष वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला अटकेत आले होते. ते त्याच दिवशी जामिनावर सुटून राज्य सरकारच्या विमानाने शहराबाहेर पोचवले गेले आणि पुन्हा कधी भारतीय न्यायालयासमोर उभे न राहता २०१४ साली वारले.

या पाच पावलांकडे पाहिल्यावर कोणीही सांगावे : भोपाळच्या माणसाला हतबल वाटले तर तो त्याच्या मनाचा दोष आहे काय? त्याच्यापुढचे एकेक दार क्रमाने बंद केले गेले आणि शेवटी त्याला सांगण्यात आले, की तू फार निराश दिसतोस.

‘व्यवहार’ सांगणाऱ्यांना उत्तर

या ठिकाणी एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा : पीडितांना पैशाची तातडीने गरज होती. खटला वीस वर्षे चालला असता, तोवर निम्मे लोक मेले असते. तत्त्वासाठी उपाशी ठेवण्यापेक्षा थोडे पण लवकर देणे हा खरा मानवतावाद नव्हे काय?

गरज तातडीची होती हे खरेच आहे. परंतु तातडीच्या गरजेवर दुसरा उपाय उपलब्ध होता. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायाधीशांनी ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत कंपनीने द्यावी असा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ती २५० कोटींवर आणली. म्हणजे खटला चालू ठेवूनही आरोपीकडून पैसे घेता येतात, हे दोन न्यायालयांनी मान्य केले होते. तो मार्ग सोडून संपूर्ण फारकत करून देणारी तडजोड स्वीकारली गेली. आणि ‘लवकर’ म्हणावे, तर दाव्यांचे पैसे वाटण्यास सुरुवात झाली १९९२ साली, तडजोडीनंतर तीन वर्षांनी. थोडे आणि लवकर असा हा सौदा नव्हता. थोडे आणि उशिरा असा होता.

शिवाय १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की निधी अपुरा पडला तर तूट केंद्र सरकारने भरून काढावी आणि पुढे आजार उद्भवू शकणाऱ्यांसाठी सरकारने विमा उतरवावा. सरकारने विमा उतरवला नाही. तूटही भरून काढली नाही. त्याऐवजी २०१० मध्ये त्याच सरकारने कंपनीकडून आणखी पैसे मिळावेत म्हणून याचिका केली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने विमा न उतरवण्यातील सरकारच्या हलगर्जीपणावर बोट ठेवून ती फेटाळली. पालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला; त्याचा दंड मात्र पुन्हा पाल्याने भरला. या काळात केंद्रात आणि राज्यात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. एका पक्षाच्या माथी सारे खापर फोडून मोकळे होण्याची सोय येथे नाही.

संतापाचे अपहरण

आता प्रश्न असा की हतबलता जर अशी रचली जाते, तर तिच्यावर संताप हा पुरेसा उतारा आहे काय? नाही. संताप हे भांडवल आहे, आणि कोणत्याही भांडवलाप्रमाणे ते उधळले जाऊ शकते किंवा दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊ शकते.

त्याच्या अपहरणाचा पहिला प्रकार म्हणजे सारा राग एका चेहऱ्यावर काढणे. अँडरसनला शिक्षा व्हायला हवी होती याविषयी दुमत नाही. पण देशाच्या वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी भोपाळचा प्रश्न त्या एका म्हाताऱ्या परदेशी माणसापुरता आकुंचित केला, त्यामुळे कोण सुटले ते पाहा. परवाना देणारे सुटले, तपासणीच्या अहवालावर धूळ बसू देणारे सुटले, वित्तसंस्थांचे संचालक सुटले, वैद्यकीय संशोधन अर्ध्यावर सोडणारे सुटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुपीडितांवरील आपले अभ्यास १९९४ साली थांबवले. त्याबद्दल कोणाचा पुतळा जाळावा? पुतळा जाळायला चेहरा लागतो आणि थंडपणे केलेल्या कित्येक अपराधांना चेहराच नसतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. राष्ट्रीय आपत्तीनंतर साचलेला राग शेजाऱ्याकडे वळवणे फार सोपे असते. कोठे बाँबस्फोट होतो, कोठे हल्ला होतो. ज्यांनी रक्षण करायचे त्यांना जाब विचारण्यापूर्वीच गल्लीतला दुसऱ्या धर्माचा माणूस संशयित ठरतो. भोपाळच्या वायूने धर्म पाहिला नाही, पण त्याच शहरात डिसेंबर १९९२ मध्ये दंगल उसळली आणि विषातून वाचलेली माणसे एकमेकांपासून तोडण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्याकडे उत्तर नसते त्यांना अशा वेळी शत्रू पुरवणे सोयीचे वाटते.

तिसरा प्रकार आपल्या पांढरपेशा वर्गाचा आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. आठ दिवस हळहळणे, मग ‘या देशात काही होणार नाही’ असा निर्वाळा देऊन आपल्या कामाला लागणे. ही निराशा नव्हे, ही निराशेची चैन आहे. ज्याच्या घरात दम लागलेली आई आहे आणि नळाला दूषित पाणी येते त्याला ती परवडत नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६२ साली ‘निराशा के कर्तव्य’ या शीर्षकाखाली आपले विचार मांडले, याचे स्मरण समाजवाद्यांना तरी असावे. निराशेलाही कर्तव्ये असतात, हे त्या शीर्षकातच आले. आपण मात्र तिला निवृत्तिवेतन देऊन घरी बसवले आहे.

शनिवारची बैठक

मग करायचे काय? याचे उत्तर कोणत्याही ग्रंथापेक्षा भोपाळच्या बायकांनी अधिक नीट दिले आहे.

१९८६ साली भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन उभे राहिले. अब्दुल जब्बार हे त्याचे संघटक. वायूने त्यांच्या घरातील माणसे नेली होती आणि त्यांची स्वतःची फुफ्फुसे व दृष्टी अधू केली होती. त्यांचा आग्रह होता, की खैरात नको, रोजगार हवा. शिवणकामाची केंद्रे चालू राहावीत, हातातून सुटलेली मजुरी परत मिळावी, ही पहिली मागणी, खटला त्यानंतर. शहरातील यादगार-ए-शाहजहानी बागेत दर शनिवारी पीडितांची बैठक भरू लागली. एक-दोन वर्षे नव्हे, दशकानुदशके. २०१९ च्या नोव्हेंबरात जब्बार गेले, तेव्हा त्यांच्याजवळ संपत्ती अशी काही नव्हती. त्यांच्यामागे एक सवय तेवढी राहिली : आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे, कोणाचा अर्ज कोठे अडला, कोणाला औषध मिळाले नाही, न्यायालयात काय झाले, याचा हिशेब घ्यायचा.

सरकारी छापखान्याच्या लेखनसामग्री विभागात काम करणाऱ्या पीडित स्त्रियांनी वेगळी संघटना बांधली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या तिच्या पुढाऱ्या. १९८९ मध्ये या बायका मुलाबाळांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पैशातून त्यांनी जन्मजात व्यंग घेऊन आलेल्या मुलांसाठी चिंगारी न्यास स्थापन केला. एक मुसलमान, दुसरी हिंदू. दंगलीच्या शहरात ही दोन नावे एका श्वासात घेतली जातात, हा केवळ योगायोग नव्हे.

या चळवळींनी मिळवले काय, असे विचारणारे असतात. तर ऐका. १९९० साली दरमहा अंतरिम मदत त्यांच्या रेट्याने सुरू झाली. १९९१ मध्ये फौजदारी खटले पुन्हा उघडले ते त्यांच्यामुळे. दूषित भूजल प्यावे लागणाऱ्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आणि त्याच वर्षी उरलेल्या निधीच्या वाटपाचा आदेश, हेही आपोआप झालेले नाही. पुरेसा न्याय मिळाला काय? मुळीच नाही. पण जे मिळाले ते संताप शमवलेल्यांनी मिळवलेले नाही. तो सांभाळलेल्यांनी मिळवले आहे. आणि दुसरी गोष्ट अशी, की दर शनिवारी एकत्र बसणारी बाई एकटी राहिली नाही. मनाच्या स्वास्थ्याचा विचार केला तरी, हातपाय गाळून घरी बसलेल्यापेक्षा तिची अवस्था अधिक बरी होती, असे मानण्यास हरकत नसावी. हतबलता ही एकट्या माणसाला गाठते.

आपल्या कुंपणाबाहेर

हे सारे भोपाळपुरते नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीनची वाफ झोपलेल्या वस्तीत शिरली. आपल्या डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. घरांच्या काचा फुटल्या, माणसे मेली, आणि प्रत्येक वेळी धोकादायक कारखाने हलवण्याची चर्चा त्याच उत्साहाने झाली व त्याच वेगाने विरली. भोपाळनंतर जे काही कायद्याने कमावले, त्यातला काही भाग आपल्या देखत झिजतो आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या उद्योगात ‘कारखाना’ ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली. निरीक्षकाचे नामकरण आता ‘निरीक्षक व सुविधाकार’ असे झाले आहे. ज्याने दार ठोठवायचे त्यालाच पाहुणचाराचे काम दिल्यावर तो कोणते दार ठोठवणार?

तरीही हातात काहीच नाही असे नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने त्या धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला दिलीच पाहिजे, असे बंधन घातले गेले. नव्या संहितेतही ते तत्त्व आहे. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितले आहे. माझी सूचना अगदी साधी आहे. औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने चार माणसे जमवून एवढे प्रश्न लेखी विचारावेत : आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर कोणकोणती रसायने साठवली आहेत? ती सुटली तर आम्ही काय करायचे? स्थानिक आपत्ती गटाची शेवटची बैठक केव्हा झाली, आणि तिचे इतिवृत्त कोठे आहे? उत्तर येणार नाही. मग माहिती अधिकाराखाली विचारावे. तेही न आले तर अपील करावे. आणि दर आठवड्याला एका ठरावीक वारी, ठरावीक ठिकाणी बसून पुढचे पाऊल ठरवावे. काम कंटाळवाणे आहे, त्याला छायाचित्रकार येत नाहीत. पण ३ डिसेंबरच्या पहाटे ओल्या फडक्याची माहिती एवढ्याच कंटाळवाण्या कामाने घरोघर पोचली असती.

पिथमपूरच्या लोकांनी जानेवारी २०२५ मध्ये हेच विचारले : भोपाळचे विष आमच्या दारी का? त्यांना आडमुठे म्हटले गेले. वस्तुतः एका गरीब वस्तीचे दुःख दुसऱ्या वस्तीच्या दारात हलवणे याला निर्मूलन म्हणत नाहीत. शिवाय कारखान्याच्या आवारातील माती आणि भोवतालचे भूजल त्या ट्रकांत मावलेले नाही. ते जागच्या जागी आहे. २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेणारी डाऊ कंपनी तिची मालमत्ता घेते, देणे मात्र आपले नाही म्हणते. हा वाद मिटलेला नाही. आणि वायूने ग्रासलेली माणसे अजून जिवंत आहेत, दम्याने बेजार आहेत, त्यांची नातवंडे वाढत आहेत. मग अध्याय संपला तो कोणाचा?

म्हणून, येत्या ३ डिसेंबरला किंवा पुढच्या कोणत्याही आपत्तीनंतर, ज्यांना संतापाने झोप लागत नाही त्यांना शांत होण्याचा उपदेश करण्याची घाई कोणी करू नये. त्यांना विचारावे, की आपल्या गावात या विषयावर बसणारी माणसे कोणत्या वारी, कोठे बसतात. बसत नसतील, तर वार आपणच ठरवावा.